कुपवाडात छापलेलं ‘फोर्ट स्टिकिन’: किट चांगलं, पण आधी धुऊन घ्या

कुपवाड एमआयडीसीतल्या एका थ्रीडी प्रिंटिंग वर्कशॉपने ‘फोर्ट स्टिकिन’चं १/३५० प्रमाणातलं रेझिन (उजेडाने पक्कं होणारं द्रव प्लास्टिक) किट काढलं आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फुटलं ते हेच मालवाहू जहाज. तयार माल ठेवत नाहीत, ऑर्डर दिली की छापतात. किंमत ४,२०० रुपये. त्यात रंग, गोंद, स्टँड यांपैकी काही नाही. वर्कशॉपचं नाव इथे घालत नाही, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या त्यांच्या टेबलावर ठेवून झाल्या आहेत.

आधी मोठं श्रेय देऊन टाकू. हे जहाज त्यांनी लिबर्टी (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेली मालवाहू जात) जहाज म्हणून छापलेलं नाही. बाजारात १/३५० ची लिबर्टी किट मिळतात. त्यांनाच राखाडी रंग मारून ‘फोर्ट स्टिकिन’ म्हणून प्रदर्शनात मांडणारे कमी नाहीत. दोन्ही जहाजं एकाच घराण्यातली, इंग्लंडमध्ये संडरलंडच्या जे. एल. थॉम्पसन यांच्या नॉर्थ सँड्स गोदीच्या आराखड्यावरून आलेली. लांबी दोन्हींची ४४१ फूट ६ इंच, इंजिन दोन्हींत २,५०० अश्वशक्तीचं ट्रिपल एक्स्पान्शन वाफेचं, वेग ११ नॉटच्या आसपास. पण अमेरिकेने लिबर्टी बांधताना बॉयलर तेलावर नेले आणि मधली सगळी घरं एकाच ठोकळ्यात गोळा केली. कॅनडात बांधलेल्या नॉर्थ सँड्स जातीच्या फोर्ट जहाजांत कोळशाचे तीन स्कॉच बॉयलर राहिले. त्यामुळे पुढे ब्रिजचं घर, मग तिसरा फाळका (मालाच्या कोठाराचं तोंड), त्याच्यामागे धुरांड्याचं घर अशी मधली बांधणी दोन तुकड्यांत आहे. किटमध्ये ही फट बरोबर जागी आहे, तिसऱ्या फाळक्याचं झाकणही वेगळं दिलंय. लिबर्टीचं किट कापून हे करायचं म्हटलं तर मधला अख्खा डेक नव्याने बांधावा लागतो. ४,२०० रुपये वसूल होतात ते इथेच.

आता फूटपट्टी. ४४१ फूट ६ इंच म्हणजे १३४.६ मीटर, १/३५० ला ३८४.५ मि.मी. रुंदी ५७ फूट २ इंच, म्हणजे ४९.८ मि.मी. किट जोडून झाल्यावर लांबी भरते ३८२ च्या जरा वर. दोन-अडीच मि.मी. कुठे गेले? रेझिन लॅम्पखाली पक्कं होताना थोडं आकसतं, आणि सांधे घासून सपाट करताना आणखी जातं. फाइल ०.५ टक्के मोठी करून छापली तर हा प्रश्न मिटतो. ऑर्डर देताना सांगितलं तर करून देतात. न सांगता कोणी करत नाही. रुंदी मात्र चोख आहे.

हल, म्हणजे जहाजाचं धड, तीन तुकड्यांत येतो, कारण प्रिंटरचा पलंग इतका लांब नाही. सांधे कुठे घ्यायचे हे डोकं लावून ठरवलंय: एक ब्रिजच्या घराच्या पुढच्या भिंतीखाली, दुसरा धुरांड्याच्या घराच्या मागच्या भिंतीखाली. डेकवरची रेघ भिंतीत लपते, फक्त बाजूंची लपवायची राहते. तुकडे आतून पोकळ, भिंत २.५ मि.मी.

खरी गडबड या पोकळीत आहे. मधल्या आणि मागच्या तुकड्याला रेझिन निथळायला दोन-दोन भोकं आहेत, नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, तुकड्याला एकच. एका भोकातून दाट द्रव बाहेर येत नाही, हवा आत शिरायला दुसरं भोक लागतंच. त्यामुळे नाळेच्या टोकाला कच्चं रेझिन साचून राहतं. बाहेरून काही कळत नाही. तुकडा जोडता, पुट्टी भरता, रंग देता, आणि महिन्या-दोन महिन्यांनी, विशेषतः सांगलीचा एप्रिल-मे लागला की, नांगराच्या भोकाजवळून चिकट पिवळसर घाम फुटतो नाहीतर सरळ चीर जाते. आत अडकलेलं कच्चं रेझिन भिंतीला आतून मऊ करतं. बाहेरची कातडी पक्की होऊन आकसलेली, आतली तशीच, असा ताण भिंतीत बसतो आणि उन्हाळा तो वाढवतो.

उपाय जोडणीच्या आधीच करायचा. नाळेच्या तुकड्याच्या तळाशी, कण्याच्या रेषेवर, टोकाकडे ३ मि.मी.चं दुसरं भोक पाडा. जाड सुईच्या सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल आत सोडा, बोटाने भोकं दाबून हलवा, ओता. बाहेर येणारं अल्कोहोल स्वच्छ दिसेपर्यंत हेच. तीन-चार वेळा पुरतं. नंतर पंख्याखाली निदान अर्धा दिवस कोरडं होऊ द्या, कारण ओल्यावर उजेड दिला तर पृष्ठभाग पांढरट आणि चिकट राहतो. आतल्या बाजूला उजेड पोचवायला नोटा तपासायचा जांभळा टॉर्च भोकाशी धरला तरी भागतं. रेझिन ४०५ नॅनोमीटरचं आहे आणि या टॉर्चचा उजेड त्याच्या जवळपासचा असतो, फक्त वेळ जास्त लागतो. बाहेरच्या अंगाला गच्चीवरचं ऊन वीस-पंचवीस मिनिटं, पलटून पुन्हा तेवढंच. दिवसभर उन्हात टाकून विसरलात तर तुकडा पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि केळीसारखा वाकतो. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच, कच्च्या रेझिनने कातडीला खाज सुटते आणि एकदा सोसेनासं झालं की कायमचं. वापरलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका. पारदर्शक बरणीत उन्हात ठेवा, गाळ घट्ट होऊन खाली बसतो. वरचं गाळून पुन्हा धुवायला चालतं.

दुसरा दोष डेकवर आहे, आणि त्यात गंमत अशी की तो जहाजांच्या इतिहासातूनच चालत आलाय. फाळक्यांची तोंडं डेकमध्ये चौकोनी कापलेली आहेत, कोपरे अगदी काटकोनी. दुसऱ्या आणि चौथ्या फाळक्याच्या कोपऱ्यांतून केसासारख्या चिरा निघतात. लिबर्टी जहाजांनाही नेमक्या याच जागी तडे गेले होते. ताण वाहत येतो आणि काटकोनात एकवटतो. त्यात अमेरिकन गोद्यांनी रिव्हेटऐवजी वेल्डिंग केलेलं, म्हणजे सगळं जहाज एकसंध पत्रा. एकदा तडा निघाला की त्याला अडवायला पत्र्याचा काठच नाही. ‘जॉन पी. गेन्स’ हे लिबर्टी जहाज नोव्हेंबर १९४३ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये दोन तुकडे होऊन गेलं, १० माणसं दगावली. दोष वेल्डिंग करणाऱ्यांवर ढकलणं सोपं होतं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की मूळ दुखणं पोलादात होतं. ठराविक तापमानाखाली ते लवचिकपणा सोडून काचेसारखं तडकत होतं. नंतर फाळक्यांचे कोपरे गोल केले, पट्ट्या बसवल्या.

कॅनडातली नॉर्थ सँड्स जहाजं मुख्यतः रिव्हेटची होती. पत्रा पत्र्यावर चढवून जोडलेला असल्यामुळे तडा जोडापाशी थांबायचा. म्हणजे खऱ्या ‘फोर्ट स्टिकिन’ला हा आजार फारसा नव्हता, त्याच्या कुपवाडच्या आवृत्तीला आहे. इलाजही जुन्या कारखान्यांतलाच. चिरेच्या टोकाला ०.५ मि.मी.चं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. पातळ फेविक्विक चिरेत ओढू द्या, सुकल्यावर घासा. मग सगळ्या कोपऱ्यांना गोल कानशीचा एक-एक हात द्या. अर्धा मि.मी.ची गोलाई पुरे, फाळक्याच्या चौकटीखाली ती झाकली जाते. चीर नसलेल्या कोपऱ्यांनाही द्या.

रिव्हेटवरून आठवलं. हौसेने त्यांनी हलच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटच्या रांगा उठावदार छापल्यात, एकेक ठिपका ०.३ मि.मी.चा. ३५० ने गुणा: १०५ मि.मी. म्हणजे वाटीएवढा रिव्हेट. खऱ्या रिव्हेटचं डोकं या प्रमाणात दिसणारच नाही. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, सगळे उडवा. मात्र पत्र्यांच्या आडव्या जोडांच्या हलक्या पायऱ्या ठेवा, त्या बरोबर आहेत आणि रंगावर फार छान दिसतात. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळू नका, पायऱ्याही जातील. बोटाने घासा, नंतर ६०० आणि ८००.

जोडणीला स्टायरिनच्या (नेहमीच्या प्लास्टिकच्या) किटवर चालणारं प्लास्टिक सिमेंट इथे काही कामाचं नाही, रेझिन त्यात विरघळत नाही. हलच्या सांध्यांना दोन नळ्यांचं इपॉक्सी आणि आत १.५ मि.मी. पितळी सळीच्या खुंट्या. किटमधल्या छापलेल्या खुंट्या कापून टाका, त्या तुटतातच. ग्रॅनाईटच्या फरशीचा एखादा तुकडा पैदा करा, त्यावर कणा टेकवून तिन्ही तुकडे एका ओळीत धरा आणि रात्रभर हलवू नका. फेविक्विकने ही जोडणी करायला जाल तर नीट ओळीत आणायला दहा सेकंदही मिळत नाहीत, आणि पावसाळ्यात सांध्याभोवती पांढरी बुरशी आल्यासारखी वाफ बसते. सांध्याची फट भरायला मोटारींची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी चालते, पण ती सुकताना आकसते. एकदाच जाड भरली तर आठवड्याने तिथे खळगा दिसतो. पातळ तीन हात, प्रत्येकी एक दिवसाच्या अंतराने.

डोलकाठ्या, डेरिकचे (माल उचलायच्या यारीचे) दांडे आणि कठडे सरळ डब्यात परत टाका. छापलेल्या डोलकाठ्या उन्हाळ्यात झुकतात, कठड्याच्या काड्या ०.३५ मि.मी. जाड म्हणजे प्रत्यक्षात बारा सेंटिमीटरचे पाइप. कठड्यांना १/३५० चे पितळी फोटो-एच (रसायनाने कोरलेले) पत्रे ऑनलाइन मागवावे लागतात, त्याला पर्याय नाही. डोलकाठ्या पितळी सळ्यांच्या: खाली १.५, वर १ मि.मी., वरचं टोक ड्रिलमध्ये धरून कानशीने निमुळतं करून. बाकीसाठी मिरजेला जा. सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यांच्या तारा मीटरवर मिळतात. पोलादी घेऊ नका, पावसाळ्यात गंजून रंगातून तांबूस डाग वर येतात. खर्जाला लावतात ती पितळी तार घ्या. ०.३ ची तार डेकवरच्या वाफेच्या पाइपांना अगदी योग्य. या जहाजांवरच्या विंच वाफेवर चालायच्या आणि बॉयलरपासून प्रत्येक विंचपर्यंत पाइप डेकवरून गेलेले असायचे. किटमध्ये विंच आहेत, पाइप नाहीत; वाफ हवेतून यायची की काय कोण जाणे. दोन समांतर तारा टाका, एक वाफ नेणारी आणि एक परतीची, फाळक्याच्या कडेने. एवढ्या एका गोष्टीने डेक जिवंत होतो. दोरखंडांसाठी मात्र तार जाड पडते, तिथे मेणबत्तीवर ताणलेली स्टायरिनची काडी बरी.

हवा खेचणारे भोंगे भरीव आलेत. १.५ मि.मी.च्या ड्रिलने तोंडं दोन मि.मी. आत कोरा आणि आतून काळा रंग द्या. मागची ४ इंची तोफ आणि बाजूच्या गोल कठड्यांतल्या २० मि.मी.च्या ओर्लिकॉन तोफा ठीक आहेत.

रंगाच्या बाबतीत रेझिनचा एक फायदा: मोटारीच्या दुकानातला एनसी रंग आणि थिनर त्याला खात नाही, स्टायरिनला खातो. अट एवढीच की रेझिन पूर्ण पक्कं झालेलं हवं, नाहीतर रंग चिकटच राहतो. आधी राखाडी सरफेसरचे दोन पातळ हात. पाण्याखालच्या भागाला साधं रेड ऑक्साइड, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, रंगछटेला आश्चर्यकारक जवळ जातं. फक्त कण जाड असतात, जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून घ्या. वरचा रंग एकसंध करडा. चकाकी नको, शेवटी मॅट क्लिअर. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सांगलीत एनसी मारायचा असेल तर उघडीप बघून दुपारी मारा. थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ होतो. झालाच तर घासू नका, संथ थिनरचा अगदी हलका फवारा दिला की बहुतेक वेळा निघतो.

पाण्याची रेषा पुस्तिकेत २० मि.मी. वर दाखवली आहे. भरलेल्या जहाजाची डूब २६ फूट ११ इंच, म्हणजे ८.२ मीटर, म्हणजे कण्यापासून २३.४ मि.मी. टेप तिथे लावा. आणि जर १४ एप्रिलच्या दुपारचं जहाज दाखवायचं असेल तर आणखी एक हिशोब आहे. आग लागल्यावर जहाजात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं. या आकाराचं जहाज तेवढ्याने अंदाजे ४५ सेंटिमीटर खाली बसतं, म्हणजे मॉडेलवर सव्वा मि.मी. हा हिशोब न करणाऱ्याला कोणी हसणार नाही, पण केलात तर धक्क्याच्या दोरांचा झोल बरोबर येतो.

धक्क्याचा तुकडा ८०० रुपये जादा देऊन मिळतो. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: दगडी काठ, दोन खुंट, रुळाची एक जोडी. घ्या किंवा स्वतः करा.

सोबतची मराठी पुस्तिका मात्र वाचून बाजूला ठेवा. तीत दोन ठिकाणी ‘लिबर्टी शिप’ लिहिलंय, म्हणजे ज्याने आराखडा काढला त्याने पुस्तिका वाचलेली नाही. मजकूर असा असायला हवा होता: बांधणी १९४२, प्रिन्स रूपर्ट, ब्रिटिश कोलंबिया. नाव हडसन्स बे कंपनीच्या अलास्कातल्या जुन्या ठाण्यावरून, हल्लीचं रँगेल. २४ फेब्रुवारी १९४४ ला बर्कनहेडहून निघालं, सुएझमार्गे कराची, १२ एप्रिलला मुंबई. पोटात १,३९५ टन स्फोटकं, त्यांतली २३८ टन अतिशय संवेदनशील. कराचीत वर कापसाच्या गाठी आणि वंगणाचं तेल चढवलं. कॅप्टन नायस्मिथ यांनी या मिश्रणाबद्दल निषेध नोंदवला, पण युद्धात रिकामी जागा कोणी सोडत नसे. शिवाय ३१ पेट्यांत सोनं, पेटीत चार विटा, वीट १२.७ किलोची, गुणाकार केला तर दीड टनाच्या वर.

आग दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या फाळक्यात दिसली. घट्ट दाबलेली कापसाची गाठ आतून धुमसते, वरून मारलेलं पाणी तिच्या पोटात शिरत नाही, आणि धुराने आगीचं मूळच सापडेना. ३.५० ला जहाज सोडण्याचा हुकूम झाला, ४.०६ ला पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. सुमारे १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकाने धक्का टिपला. शेजारचं ‘जलपद्म’ उचललं जाऊन त्याची मागची बाजू गोदीच्या शेडवर टेकली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. एकूण मृत ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगतात. गोदीत हमाली करणाऱ्यांत सातारा भागातली माणसं पुष्कळ असायची. त्यांच्या गावी खबर पोचायलाही वेळ लागला असणार, कारण जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली तरी इथल्या सेन्सॉरने वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोखून धरलं. पुस्तिकेत यातलं निम्मंही नाही, आणि मागच्या पानावर वर्कशॉपच्या इतर वस्तूंची जाहिरात आहे.

डिकालमध्ये (चिकटवायच्या छापील अक्षरांत) नाळेवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नाव दिलंय. ते लावू नका, युद्धकाळात ब्रिटिश व्यापारी जहाजं बाजूवरचं नाव रंगाखाली झाकत. झेंडाही चुकलाय. दिलाय तो पांढरा, नौदलाचा. व्यापारी जहाजावर लाल हवा, कोपऱ्यात युनियन जॅक असलेला. घरच्या प्रिंटरवर पातळ कागदावर १२ मि.मी.चा काढून, मागून-पुढून चिकटवून, ओला असतानाच घड्या पाडा.

एकंदरीत घेण्यासारखं किट आहे, पण पहिल्यांदाच जहाज बांधणाऱ्याने घेऊ नये. त्याने आधी एखादं स्वस्त स्टायरिनचं करून हात बसवावा. अनुभवी माणसाला वरचे ४,२०० आणि पितळ, कठडे, रंग धरून आणखी दीड-दोन हजार. ऑर्डर देताना चार गोष्टी तोंडी न सांगता लिहून द्या: ०.५ टक्के मोठं छापा, नाळेच्या तुकड्याला दुसरं भोक ठेवा, रिव्हेट काढलेली फाइल वापरा (त्यांच्याकडे आहे), आणि डोलकाठ्या-कठडे छापू नका. शेवटच्या गोष्टीचे दोनशे रुपये कमी करतात. कुरियरने मागवू नका, नाळेचं टोक मोडून येतं. कुपवाडला जाऊन तुकडे हातात घ्या, नाळेचा तुकडा कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्यासारखं वाटलं तर तिथेच परत द्या. बदलून देतात, कुरकुर न करता.